शेंड्याला शेंडा

"नही वं माय, तुन्हा मोबाइल खराब नही. बठ्ठा गावनं नेट गयं शे."

"काल बी गयं, आज बी गयं. तू करी काय ऱ्हायना मंग?"

"मी खांबावर टांगेल शे."

"मंग टांगेलच ऱ्हाय," म्हणून पलीकडच्या बाईनं फोन आपटला.

लोटन खरंच टांगलेला होता. भडगावच्या बाजारगल्लीच्या तोंडाशी खांब, खांबाला बांबूची शिडी, शिडीच्या शेंड्याला लोटन. दातात पेचकस, खिशात सारखा थरथरणारा मोबाइल. खाली दिवेलागण झाली होती, दुकानांत गिऱ्हाइकी भरात होती आणि दुकानदार एकेक करून पायरीवर येऊन वर बघत होते. वर बघणाऱ्या माणसाची मान दुखली की तो शिव्या देतो. लोटन त्या ऐकत होता.

त्यानं पेटीचं दार उघडलं. आत स्विच, एका वायरीचं नेट अनेक वायरींत वाटणारा. एरवी त्याचे दिवे ओट्यावर बसलेल्या बायांसारखे, एक लुकलुकला की मग दुसरा, मध्येच सगळे गप्प. आता सगळे एकदम, एका तालात, इतक्या घाईनं की लुकलुकतात की नुसतेच पेटलेत ते कळू नये. अंगात आल्यासारखे. लोटन त्यांच्याकडं नुसता बघत राहिला. तो काही करायच्या आतच दिवे शांत झाले. नेट आलं. खालून कोणीतरी ओरडलं, "उनं!" आणि कोणीतरी म्हणालं, "लोटन, तुन्हं नेट सूर्यवंशी शे का रे? तो बुडस, हाई बी बुडस."

खाली हशा पिकला. लोटन हसला नाही. आठवडा झाला होता, रोज दिवा लावायच्या वेळी अख्ख्या गावाचं नेट मरायचं आणि थोड्या वेळानं आपसूक जिवंत व्हायचं. का मरतं हे त्याला कळत नव्हतं, आणि का येतं हे तर मुळीच नाही.

ह्या माणसाचं सारं आयुष्य दुसऱ्याच्या धाब्यावर, घराच्या सपाट छतावर, गेलं. मिसरूड फुटायच्या आधी अँटिना फिरवायचा; तो वर, घरमालक खाली टीव्हीसमोर, आणि दोघांच्या मध्ये "उनं… गयं… उनं, उनं, आते हालू नको!" मग डिशची छत्री आली, मग केबल आली, मग केबल मरायला लागली तेव्हा लोटननं नेट धरलं. जळगावहून मोठी लाइन घ्यायची, आपल्या घरातल्या मोठ्या पेटीत उतरवायची आणि तिथून गल्लोगल्ली वाटायची. ज्याच्या धाब्यावर पेटी टांगली त्याच्या मीटरची लाइट वापरायची, बदल्यात त्याला नेट फुकट. कागद नाही, सही नाही. शिडी कुठं टेकवायची, कोणतं पत्र्याचं छप्पर पायाखाली वाजतं, कोणत्या घरचं कुत्रं दिवसा बांधतात, सारं त्याला पाठ.

आणि आता गावात मोठ्या कंपनीची पोरं फिरत होती. नवे शर्ट, गळ्यात ओळखपत्र, पहिला महिना फुकट.

शिडी खांद्यावर घेऊन तो निघाला तेव्हा भिकमचंदशेठनं बोलावलं. शेठचं किराण्याचं होलसेल दुकान, बाजारगल्लीतलं सगळ्यात जुनं. लोटनची पहिली केबल शेठच्या घरी लागली होती आणि पुढं अख्ख्या गल्लीनं शेठचं पाहून घेतली होती.

"बस. चहा घे."

"नको शेठ."

"घे रे. पुढं कारण राहील न राहील." शेठ आवाज कधी चढवत नाहीत, त्याचीच भीती वाटते. "संध्याकाळीच आमचा धंदा. तेव्हाच बिलाचं मशीन थांबतं, कॅमेरे थांबतात. गल्लीतले लोक मला विचारतात, शेठ, काय करायचं? मी काय सांगू?"

"शोधी ऱ्हायनू शेठ. सापडी."

"शोध. रविवारी गल्ली बंद असते. रविवारी ते कंपनीवाले शिडी घेऊन येणार आहेत. तोवर काय झालं होतं ते मला सांग, पटण्यासारखं सांग. मग बघू."

लोटननं चहा एका घोटात संपवला, जीभ भाजली. बाजारगल्ली म्हणजे त्याच्या धंद्याचा कणा. घरगुती गिऱ्हाईक पोरांच्या परीक्षा आल्या की नेट बंद करतं, सुट्टी लागली की चालू करतं, गल्ली बारमाही. ती गेली तर जळगावची लाइन घ्यायला परवडणार नव्हतं. लाइन गेली की लोटन केबलवाला गेला. मग उरला नुसता लोटन, आणि नुसत्या लोटनला काही येत नव्हतं.

घरी त्याची बायको सारिका फोन उशीखाली दाबून बसली होती.

"मी आते फोन उचलाव नही," ती म्हणाली. "लोके मन्ही माय काढतस. मन्ही मायनी काय करेल शे?"

"बंद करी ठेव."

"बंद काय करी ठेव? मन्हा भाऊ नाशिकले बलाई ऱ्हायना. सिक्युरिटीमा लाई दी म्हने. गेटवर बसनं ऱ्हास. पंखा बी शे."

"मी गेटवर बसू?"

"खांबावर बसस ते गेट काय वाईट शे?"

तो मोठ्या पेटीपाशी जाऊन बसला. गेटवर खुर्ची टाकून बसलेला लोटन त्याच्या डोळ्यांपुढं येत होता. सॅल्यूट ठोकणारा. खाली बसलेला. ज्या माणसानं तीस वर्षं गाव वरून पाहिलं, त्यानं आता मोटारींचे नंबर लिहायचे.

पुढच्या संध्याकाळी तो मोठ्या पेटीसमोर आधीच ठाण मांडून बसला. दिवेलागण झाली आणि दिव्यांच्या अंगात आलं. त्यानं बाजारगल्लीकडं जाणारी वायर उपटली. दिवे शांत. म्हणजे दोष बाजारगल्लीत! छातीत एवढंसं बरं वाटलं. खात्री करावी म्हणून वायर पुन्हा लावली, दिवे पुन्हा पेटले. मग सहज म्हणून नदीकडची वायर उपटली. दिवे पुन्हा शांत.

हे कसं? बाजार काढला तरी रोग जातो, नदीकडचं काढलं तरी रोग जातो. एका अंगाला दोन रोग एकाच वेळी, एकाच घटकेला होतात कसे? त्यानं पुन्हा करून पाहिलं. तेच. त्याला वाटलं, आपली अक्कलच गेली, आता खरंच गेटवर बसावं.

मग, डोकं धरून बसल्यावर, त्याला धुळ्याचा तो वर्ग आठवला.

माल विकणाऱ्या डीलरनं धुळ्याला एकदा वर्ग भरवला होता. जेवण चांगलं होतं म्हणून लोटन शेवटपर्यंत बसला. शिकवणारा म्हणाला होता, पेटी म्हणजे हाळी देणारा माणूस. वायर लावायच्या एका भोकातून हाळी ऐकली की बाकीच्या सगळ्या भोकांतून ती पुढं देते. तारा झाडासारख्या असतील, मुळातून खोड, खोडातून फांद्या, तर हाळी शेंड्याला जाऊन विरते. पण दोन फांद्यांचे शेंडे एकमेकांना जोडले गेले तर गोल तयार होतो. तीच हाळी मागून फिरून येते, पेटीला वाटतं नवी आहे, ती पुन्हा पुढं देते. डोळ्याचं पातं लवायच्या आत हाळ्यांचा असा गलबला की खरं बोलणं जायला जागाच उरत नाही.

आणि ह्या रोगावर पेटीतच औषध असतं. त्याचं नाव स्पॅनिंग ट्री. ते चालू असलं की पेट्या आपापसात निरोप धाडतात, एकीला मूळ मानतात, मुळापासून प्रत्येकीपर्यंत एकच वाट उघडी ठेवतात आणि दुसरी वाट दिसली की तिला कडी घालतात. कुलूप नव्हे, कडी. उघडी वाट तुटली की कडी आपोआप निघते.

लोटनच्या पेट्यांत ते औषध होतं. कुठल्यातरी बंद पडलेल्या ऑफिसातून उतरवलेल्या, डीलरकडून घेतलेल्या चांगल्या पेट्या होत्या त्या. पण त्यानंच ते बंद करून ठेवलं होतं. कारण औषध चालू असलं की लाइट जाऊन आल्यावर प्रत्येक भोक आधी थोडा वेळ कान देऊन बसतं, इकडून गोल तर नाही ना म्हणून, आणि मगच वाट उघडतं. तेवढ्यात गावाचे फोन सुरू. "लाइट उनी, पंखा फिरना, नेट काबर नही उनं?" लाइट दिवसातून इतक्या वेळा जायची की लोटन कंटाळला. त्यानं विचार केला, माझ्या तारांचं झाडच आहे, मी स्वतः बांधलंय, ह्याला पहारा कशाला? आणि सगळ्या पेट्यांतलं औषध बंद करून टाकलं.

आता त्याला दिसलं, रोग दोन नाहीत. रोग एकच, आणि तो दोन्ही फांद्यांतून जातो. कोणीतरी शेंड्याला शेंडा जोडलाय.

पण हे मन मानेना. कारण बाजाराकडची फांदी आणि नदीकडची फांदी गावात एकाच जागी जवळ येत होत्या: चुडामण आबा आणि त्यांचा धाकटा भाऊ कौतिक यांच्या घरांमधल्या भिंतीपाशी.

त्या भिंतीची गोष्ट गावात पोरासोरांना ठाऊक. वाटणीत गोठ्याची जागा कोणाची यावरून दोघे भाऊ भांडले, पोलिस पाटलापर्यंत गेले, आणि सरळ एका धाब्याचे दोन करून मध्ये छातीइतकी भिंत घातली. म्हातारी आई, भागाबाई, कौतिकच्या वाट्याला आली. नेट घ्यायची वेळ आली तेव्हा आबा लोटनला म्हणाले होते, "त्यान्हा घरवरथून येल वायर मन्हा घरमा नको." कौतिकनंही अक्षरशः तेच सांगितलं. मग लोटननं एका भिंतीला दोन्ही बाजूंनी दोन पेट्या टांगल्या. आबांची बाजारगल्लीकडून आणली, कौतिकची नदीकडून, कुंभारवाड्याला वळसा घालून. हातभर अंतरासाठी अर्ध्या गावाची वायर गेली. आणि औषध बंद करताना लोटनच्या मनात हेच होतं, की शेंडे जवळ आहेत तर आहेत, त्या भीतवरथून मांजर बी इचारीसन जास, वायर कोण नेतंय?

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तो आबांच्या बाहेरच्या जिन्यानं, चपला खाली काढून, धाब्यावर चढला.

भिंतीवर गोधडी वाळत टाकलेली होती. पेटीचं दार उघडं होतं. पेटीसमोर आबांची बायको इंदिराबाई उकिडवी बसून, सुईत दोरा ओवावा तशी, एका वायरीचं टोक रिकाम्या भोकात सारत होती. वायर गोधडीखालून, भिंतीतल्या पाण्याच्या छिद्रातून पलीकडं गेलेली.

"भाबी!"

"माय वं!" ती मागच्या मागं बसली. "लोटनभाऊ? जीव गया मन्हा. हळू बोल ना जरा!"

"काय करी ऱ्हायन्यात तुम्ही हाई?"

"काय करी ऱ्हायन्यात म्हने! तुन्हं नेट चालस का धड? चालत नही म्हनीसन जोडी ऱ्हायनू. वर माले इचारस!"

भिंतीपलीकडून कौतिकच्या बायकोचा, सुलक्षणाचा दबका आवाज आला. "अक्का, नही उनं अजून. वायर आनखी दाबा."

आणि त्याच्याही पलीकडून, आतल्या खोलीतून, म्हातारीचा खणखणीत. "किरण दिसनी का वं? का झोपी गई?"

लोटननं हात घातला आणि वायर उपटली. त्याच्या खिशातला मोबाइल थरथरायचा थांबला. पलीकडून सुलक्षणा कुजबुजत ओरडली, "उनं! अक्का, उनं!"

"दखा," लोटन म्हणाला. "तुम्ही लाई तव्हय गयं. मी काढी तव्हय उनं. आठवडा झाया, बठ्ठा गाव माले शिव्या देई ऱ्हायना, आनि तुम्ही आठे बसीसन…"

इंदिराबाई पदर डोक्यावर ओढून त्याच्याकडं बघत राहिली. मग हळू आवाजात सांगितलं. किरण तिची मुलगी, नाशिकला दवाखान्यात नर्स. तिला भागाबाईनं मांडीवर वाढवलेलं. आता म्हातारी अंथरुणाला खिळली, आणि रोज एकच धोशा, पोर दाखवा. पोरीला सुट्टी होते ती दिवेलागणीला. त्या घरात मोबाइलला रेंज नाही. एक दिवस ऐन वेळी कौतिककडचं नेट बंद पडलं. सुलक्षणा भिंतीशी येऊन रडायला लागली.

"मी त्या घरमा पाय टाकू शकत नही," इंदिराबाई म्हणाली. "म्हटलं वायर तरी जाई. तुन्ही वायर पडेल व्हती धाबावर, ती लाई दिधी. त्या दिन काय फक्कड चालनं! डोकरी पोरीशी पोट भरीसन बोलनी. मंग आम्ही रोज लावाले लागनूत. पण रोज चालत नही. दाबी दाबी दखतस, नही ते नही. आबानी येवानी येळ व्हस, मंग काढी लेतस."

"आनि काढी का माघून येस."

"हा. पण तव्हय बोलाले टाइम कोठे ऱ्हास?" ती थांबली. "पण मंग त्या पहिला दिन कसं चालनं रे?"

लोटननं बोटांवर दिवस मोजले. त्या दिवशी कुंभारवाड्यातली लाइट गेली होती. नदीकडची फांदी मधूनच तुटलेली. कौतिकच्या पेटीला ह्या वायरीशिवाय दुसरी वाटच नव्हती, गोल नव्हताच. वायरीनं काम केलं होतं, आणि तेही चोख. गेली कित्येक वर्षं नदीकडची लाइट गेली की अर्धं गाव अंधारात जायचं, आणि लोटन मनात म्हणायचा, ह्या दोन भावांच्या भिंतीवरून हातभर वायर नेता आली असती तर दोन्ही बाजूंनी आधार झाला असता. विचारायची हिंमत झाली नव्हती. बायांनी न विचारता नेली.

"आबाले सांगशी का?" इंदिराबाईनं विचारलं. "आबा नुसती वायर तोडाव नही. भीत आनखी वर चढाई दी. आनि मंग सुलक्षणानं तोंड बी दिसाव नही माले."

लोटननं वायर गुंडाळून तिच्या हातात दिली. "उद्या लावू नका. परवा मी सांगसू तव्हय लावा."

सारिकाला त्यानं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "काढी फेक ना ती वायर. शेठले सांगी दे, त्यास्नी जोडेल व्हती. मोकळा व्हय."

गोष्ट सोपी होती. आणखीही एक सोपी गोष्ट होती: पेटीतच एक पहारा लावता येतो, म्हणजे कोणी दुसऱ्या पेटीची वायर त्या भोकात घातली रे घातली की ते भोक जागच्या जागी मरतं. तो लावला तर रोग पुन्हा कधी उठणार नव्हता. लोटन मांडीवर जुना लॅपटॉप घेऊन, निळी चपटी वायर पेटीत घालून, सेटिंगच्या त्या ओळीपर्यंत दोनदा गेला आणि परत आला. म्हातारीचा आवाज कानात होता हे खरं. पण त्याहून जास्त हे होतं की आयती मिळालेली वाट बुजवायला त्याचा हात धजत नव्हता. वायरवाला होता तो.

दुसरा सारा दिवस तो पेटी पेटी फिरला. सगळीकडं औषध चालू केलं. घरांकडं जाणाऱ्या भोकांना सांगून ठेवलं की तुम्ही थांबायचं नाही, लाइट आली की लगेच चालू व्हायचं. हे धुळ्याच्या वर्गात सांगितलं असेल, पण तो तेव्हा बहुतेक जिलेबी खात होता. मग घरी बसून पाहिलं की पेट्यांनी मूळ कोणाला ठरवलं.

मूळ झाली होती कौतिकच्या धाब्यावरची पेटी. सगळ्यांचा मान सारखा ठेवला की पेट्या ज्याचा जन्माचा नंबर सगळ्यात लहान त्याला मूळ मानतात, आणि लहान नंबर बहुधा जुन्याचा. कौतिकची पेटी सगळ्यात खटारा, म्हणून वडीलधारी. लोटननं बोटानं हवेत वाट काढून पाहिली. असंच राहिलं असतं तर बायांनी वायर लावल्याबरोबर कडी पडली असती मोठी पेटी आणि बाजारगल्लीच्या मध्ये. अख्ख्या बाजारगल्लीचा धंदा इंदिराबाईच्या गोधडीखालून, कौतिकच्या धाब्यावरून, कुंभारवाड्याला वळसा घालून गेला असता. आणि आबा येतात म्हणून बाईनं वायर उपटली की कडी निघेपर्यंत शेठचं दुकान पुन्हा बंद.

त्यानं मोठ्या पेटीला मान दिला. इथं मान उलटा असतो, आकडा लहान तितका मान मोठा. सगळ्यात लहान आकडा घरच्या पेटीला, इतरांना मोठे. आता मूळ घरी, दोन्ही फांद्या सरळ, आणि वायर लागली तर कडी पडणार ती नेमकी त्या वायरीवरच. कागदावर तरी तसं दिसत होतं. कागदावर त्याचं झाडही कधी गोल नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी, गल्लीत गिऱ्हाइकी भरात असताना, तो आबांच्या धाब्यावर बसला. हीच एक संध्याकाळ उरली होती. चुकलं असतं तर शेठसमोर तोंड दाखवायला जागा राहिली नसती, आणि न लावताही चाललं असतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"लावा," तो म्हणाला.

इंदिराबाईनं टोक सारलं. भोकाचा दिवा पिवळा झाला, म्हणजे कडी. लोटन इतर दिव्यांकडं बघत होता. एक लुकलुकला. मग दुसरा. मग सगळे गप्प. पलीकडं सुलक्षणाचा फोन आपल्याच नदीकडच्या वाटेनं चालू होता आणि म्हातारी ओरडत होती, "अवं किरण, जेवनी का? कितली वाळनी तू! हाडकं दिसतस."

मग कडी निघते का ते पाहायला त्यानं कुंभारवाड्यातल्या ओळखीच्या घरी फोन करून तिथल्या पेटीची लाइट काढायला सांगितली. पलीकडं आवाज तुटला. "गयं," सुलक्षणा म्हणाली. म्हातारी म्हणाली, "काय गयं? पोर गई?" पिवळा दिवा तसाच. लोटनला वाटलं, चुकलं. ते अर्धं मिनिट त्यानं दिव्याकडं असं पाहिलं की नंतर बराच वेळ जिकडं पाहावं तिकडं पिवळा ठिपका दिसत होता. मग दिवा हिरवा झाला.

"उनी, उनी," म्हातारी म्हणाली. "कोठे गई व्हती वं?"

नेमक्या त्याच वेळी जिन्यावर खोकला वाजला. चुडामण आबा वर आले. इंदिराबाई गोधडी झटकू लागली, झटकलेलीच पुन्हा झटकू लागली.

"काय करी ऱ्हायना रे लोटन, मन्हा धाबावर?"

"तुम्हनं नेट मजबूत करी ऱ्हायनू आबा."

आबांनी पेटीकडं पाहिलं, मग भिंतीकडं पाहिलं. पलीकडून म्हातारीचा आवाज येत होता. आबा थोडा वेळ तसेच उभे राहिले. काय ऐकलं, किती ऐकलं, त्यांच्या तोंडावरून कळलं नाही.

"मन्हंच कर," ते म्हणाले. "त्यान्हं नको करू." आणि खाली गेले.

त्या संध्याकाळी गावात नेट गेलं नाही. कोणाचा फोनही आला नाही. चालू आहे म्हणून कोणी फोन करत नसतं.

रविवारी सकाळी शेठ दुकानाच्या पायरीवर उभे होते. गल्ली बंद. कोपऱ्यावर कंपनीची गाडी लागलेली, वर दुमडणारी चकचकीत शिडी.

"सापडलं?"

"सापडनं शेठ. कालपासून नीट शे."

"काय होतं? कोणी खोडी केली होती का? तसं असेल तर नाव सांग. मी गल्लीला सांगतो, लोटनचा दोष नव्हता. थांबतील."

लोटननं मान खाली घातली. सांगितलं असतं तर संध्याकाळच्या आत नाव आबांच्या ओट्यावर पोचलं असतं. एका धाब्यावरचं दुसऱ्या धाब्यावर नेणारा माणूस पुन्हा कोणाच्या धाब्यावर चढू शकत नाही. आणि स्वतःचा दोष झटकायला दोन बायांचं भिंतीपाशी बोलणं बंद पाडायचं, हे त्याला जमेना. शिवाय जे सांगायचं तेही खोटं नव्हतं.

"मन्हा दोष शेठ. मी एक सेटिंग बंद करेल व्हतं. ते चालू पाहिजे व्हतं."

"एक सेटिंग," शेठ म्हणाले. "म्हणजे हे सगळं तुझ्यानंच."

"हा."

"खोडीला इलाज असतो लोटन. माणूसच चुकत असेल तर पुढं कधी चुकेल ह्याचा भरवसा मी गल्लीला कसा देऊ?" त्यांनी गाडीकडं हात केला. शिडी उतरली.

दुपारपर्यंत निम्मी गल्ली गेली. शेठचं दुकान पहिलं. बाकीचे काही कालचं चाललं म्हणून थांबले, काही नुसतेच आळसानं. लोटन उभा राहून बघत नव्हता. आपली वायर आपणच काढत होता. कंपनीच्या पोरांनी कापली तर तुकडे होतात. त्यानं ती खिळ्याखिळ्यातून सोडवून कोपरावर गुंडाळली, एकेक वेटोळं करत, दुकानांच्या बंद शटरांसमोरून. शेठच्या दुकानाची वायर जुनी पण जाड होती, चांगल्या तांब्याची. तिला त्यानं जरा जास्त वेळ लावला.

सारिका पाण्याची बाटली घेऊन आली. "भाऊना फोन उना व्हता," ती म्हणाली. "गेटनी जागा महिनाभर धरी ठेवसू म्हने."

"धरू दे."

"मंग? जळगावनी लाइन ऱ्हाई का?"

"माहीत नही." त्यानं बाटली संपवली. "अर्धी घेसू. दखसू."

गुंडाळलेल्या वायरीचं एक भेंडोळं तिनं आपल्या खांद्यावर घेतलं, दुसरं त्यानं. कुंभारवाड्यातली नदीकडची वायर वानरांनी दोन ठिकाणी चावलेली होती, वाऱ्यानं तुटायला टेकलेली. एवढी जाड वायर हातात आहे तर आजच ओढून घ्यावी, असं त्याच्या मनात होतं. त्यानं बांबूची शिडी उचलली, कुंभारवाड्यातल्या पहिल्या खांबाला टेकवली, बुडाला दगड लावला.

"धर," तो म्हणाला. "हालू दिऊ नको."

"धरेल शे," सारिका म्हणाली. "चढ."